उजेड यावा, पण दिसू नये!

दौंडच्या स्टेशनात एखादी साधी पॅसेंजर गाडी येऊन थांबली की फलाटावर उभे राहून तिच्या डब्यांकडे जरा नीट पाहा. मधल्या खिडक्यांतून आतले सगळे दिसते. बाकावर दाटीवाटीने बसलेली माणसे, वरच्या फळीवरची गाठोडी, कोणाचे तरी लोंबणारे पाय. पण डब्याच्या टोकाला एक लहानशी खिडकी असते. तिची काच पांढुरकी, धुक्यासारखी. तिच्यातून आतले काहीच दिसत नाही. आता त्याच खिडकीच्या आतल्या बाजूस जाऊन पाहा. ते आहे डब्यातील शौचालय, आणि दिवसा दिवा न लावताही तेथे चांगला उजेड असतो!

म्हणजे त्या काचेने उजेडाला वाट दिली आणि नजरेला मात्र अडवले. हे कसे बरे घडले? आपल्याला दिसते ते उजेडामुळेच. मग उजेड आत जातो तर नजर का जात नाही?

हा प्रश्न माझ्यापुढे पुस्तकातून आला नाही. तो आला शिरूरच्या एका घरातून.

शिरूर म्हणजे घोडनदी. तेथील जुन्या पेठेत माझ्या मावशीचे घर आहे. पेठेतील घरे कशी असतात हे तुम्हांला ठाऊक असेल. रस्त्याकडची बाजू अरुंद, खोली मात्र भरपूर, आणि दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंतींना भिंती लागलेल्या. उजेड यायचा तो पुढून किंवा मागून. मावशीच्या घरात स्वयंपाकघराच्या बाजूने तीन फूट रुंद आणि पंधरा फूट लांब अशी बोळकांडी मागे जाते. पूर्वी तिच्या टोकाला परसाचे दार होते आणि न्हाणी परसात होती. ते दार उघडे असले की बोळकांडीत लख्ख उजेड असे. पुढे सोयीसाठी न्हाणीघर घरातच आणले, तेही नेमके त्या दारापाशी. सोय झाली, पण परसातून येणारा सगळा उजेड न्हाणीघराच्या फळीच्या दाराआड अडकून पडला. जुन्या लांबट घरांत हा प्रकार तुम्हांला पुष्कळ ठिकाणी आढळेल.

एके दिवशी भर दुपारी मावशीच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सारे आजी म्हणतो, अंगणातून आत आल्या, बोळकांडीत शिरल्या आणि वाटेत ठेवलेल्या बादलीला अडखळून पडल्या. मनगटाचे हाड मोडले.

मी भेटायला गेलो तेव्हा घरात वाद चालू होता. काकांचे म्हणणे, “ती फळी काढून टाका आणि काचेचे दार बसवा. उजेडच उजेड!” माझी मावसबहीण तेव्हा दहावीत होती. ती म्हणाली, “मग मी आंघोळीला शेजारी जाईन. रोज!” काका म्हणाले, “अगं, दुधी काच लावू.” ती म्हणाली, “दुधी काचेतून सावली दिसते, बाबा. मैत्रिणीच्या घरी पाहिली आहे मी.” आजी अंथरुणावरून म्हणाल्या, “पोरीचं खरं आहे. मी पडले तर पडले, पण दार उघडं नको.” मग मावशी माझ्याकडे वळली. “अरे, तू विज्ञान शिकवतोस ना? सांग काहीतरी.”

‘दिवसभर दिवा चालू ठेवा’ हे उत्तर सोपे होते. परंतु वीज जाते, दिवा लावायचा राहतो, आणि म्हाताऱ्या माणसाची अडचण निराळीच असते. दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स इतके प्रदीपन असते. पौर्णिमेच्या चांदण्यात ते पाव लक्सच्या आसपास भरते. घरातील वाटेवर नीट चालायला ५० ते १०० लक्स असावेत असे प्रकाशयोजना करणारे मानतात. उन्हातून एकदम अंधारात आल्यावर डोळ्यांना सरावायला काही मिनिटे लागतात, आणि वय वाढते तशी बाहुली लहान राहते, डोळ्यातील भिंगही पिवळसर होते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत तरुणाच्या मानाने सुमारे एकतृतीयांशच प्रकाश पोचतो. तुम्हांआम्हांला जो अंधुक उजेड, तो आजींना काळोख.

म्हणून दिवसाचा उजेडच आत आणायला हवा होता, आणि तोही मावसबहिणीचे म्हणणे शंभर टक्के राखून.

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्या. नुसता उजेड म्हणजे चित्र नव्हे. समोरच्या वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण आपापली दिशा सांभाळून डोळ्यापर्यंत आले, तरच वस्तू दिसते. दिशांची ही शिस्त मोडली की उजेड तेवढा पोचतो, चित्र वाटेतच हरवते. एखाद्या लांबलचक पत्रातील सगळी अक्षरे कापून पिशवीत भरावीत तसे. शाई तेवढीच, कागद तेवढाच. मजकूर मात्र गेला.

साध्या काचेचे दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत असतात. सरळ येणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के प्रकाश प्रत्येक पृष्ठभागावरून परत फिरतो, बाकीचा शिस्तीत पार होतो. दुधी काचेची एक बाजू वाळूच्या झोताने किंवा आम्लाने खडबडीत केलेली असते. भिंगातून पाहिल्यास तेथे असंख्य बारीक उंचवटे आणि खळगे दिसतात. प्रत्येक उंचवट्याचा उतार म्हणजे एक चिमुकला लोलकच. त्यातून जाताना किरणाचे वक्रीभवन होते (यालाच हल्ली पाठ्यपुस्तकात अपवर्तन म्हणतात). शेजारचा उतार दुसऱ्या दिशेला, म्हणून शेजारचा किरण दुसरीकडे. झाली शिस्त मोडून!

पण किती मोडली? येथेच माझ्या मावसबहिणीची शंका रास्त ठरते. एक दुधी काच घ्या आणि छापील कागदावर टेकवा. अक्षरे वाचता येतात! आता काच हळूहळू वर उचला. दोनतीन सेंटिमीटरवर अक्षरे विरघळतात. हाताचा पंजा काचेमागे टेकवलात तर बोटे मोजता येतात, हात मागे घेतलात तर नुसता डाग उरतो.

याचा हिशेब सोपा आहे. समजा, ही काच किरणाला सरळ वाटेपासून सुमारे १० अंशांपर्यंत इकडेतिकडे वळवते. मग काचेमागे २ सेंटिमीटरवर असलेल्या वस्तूचा प्रत्येक बिंदू सुमारे ७ मिलिमीटर रुंदीच्या ठिपक्याएवढा पसरतो. बोट त्याहून जाड असते, म्हणून बोट ओळखू येते. १० सेंटिमीटरवर ठिपका साडेतीन सेंटिमीटरचा होतो, बोटे एकमेकांत मिसळतात. दोन फुटांवर तो सुमारे २१ सेंटिमीटरचा होतो. माणसाचा चेहरा इतका रुंद नसतो. म्हणजे दोन फुटांवर कोण आहे हे कळणार नाही. पण कोणीतरी आहे आणि हलते आहे, हे नक्की कळेल. काकांच्या काचेच्या दारात नेमकी हीच खोट होती. लहानशा न्हाणीघरात माणूस दारापासून दोन फुटांहून दूर जाणार तरी कोठे?

शिवाय रात्रीची गोष्ट वेगळी. दिवा समोरच्या भिंतीवर, काच दारात, आणि मध्ये माणूस. मग काच म्हणजे सिनेमाचा पडदाच. बल्ब लहान, म्हणून सावलीची कडही बऱ्यापैकी स्पष्ट. माणूस काचेच्या जितका जवळ तितकी उपच्छाया अरुंद आणि आकृती रेखीव. यावर एक उपाय म्हणजे दिवा दाराच्याच भिंतीवर, दाराच्या वर लावणे. दिवा आणि काच एकाच बाजूला आले की माणूस त्यांच्या मध्ये येतच नाही, आणि काचेवर सावली पडत नाही. हा उपाय फुकटात होतो, आणि तो कोणी करत नाही!

आता माझी स्वतःची एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही दौंडला भाड्याच्या घरात राहत होतो. तेथल्या न्हाणीघराच्या दाराला वरच्या अर्ध्या भागात काचेचे तावदान होते. ते फुटले, म्हणून मी दुधी काच आणून स्वतःच्या हाताने बसवली. गुळगुळीत, चकचकीत बाजू बाहेर ठेवली, कारण ती दिसायला बरी आणि पुसायला सोपी. खडबडीत बाजू गेली आत. दुसऱ्या दिवशी न्हाणीघर रिकामे असताना सहज तिकडे पाहिले तर काचेतून लाल बादली दिसते आहे! सगळी नव्हे, जेथे जेथे पाणी उडून ओघळले होते तेथे तेथे काचेत स्वच्छ पट्टे पडले होते, आणि त्या पट्ट्यांतून बादली, तिची कडी, खुंटीवरचा पंचा असे तुकडे तुकडे दिसत होते. काच वाळली की पुन्हा धुके. बायकोने त्याच दिवशी आतून पडदा ठोकला, आणि माझ्या विज्ञानाविषयी जे बोलायचे ते बोलून घेतले.

काय झाले होते? काचेचा वक्रीभवनांक सुमारे १.५, हवेचा १. लहान कोनाच्या लोलकातून किरण किती वळतो, तर दोन्ही वक्रीभवनांकांतील फरक गुणिले उताराचा कोन. उतार २० अंशांचा धरला तर ०.५ गुणिले २०, म्हणजे १० अंश. आता त्या खळग्यांत पाणी भरले आणि वर पाण्याचा सपाट थर झाला असे समजा. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३. फरक उरला फक्त ०.१७, आणि किरण वळला जेमतेम साडेतीन अंश. पसरणे तिसऱ्या हिश्श्यावर आले. पारदर्शक चिकटपट्टी खडबडीत बाजूवर घट्ट दाबून लावली तर याहून मोठी गंमत होते. तिच्यावरचा चिकट लेप खळग्यांत शिरतो आणि त्याचा वक्रीभवनांक काचेच्या इतका जवळ असतो की उंचवटे जणू नाहीसे होतात. पट्टीखालची काच जवळजवळ स्वच्छ! हा प्रयोग वर्गात अवश्य करा. तो करून झाला की दुधी काचेवर कोणी आंधळा विश्वास ठेवणार नाही.

कागदावर तेलाचा थेंब पडला की तो भाग पारभासक होतो, हे तुम्ही भज्यांच्या पुडीवर पाहिले आहेच. कारण तेच. कागदातील तंतूंच्या मधल्या हवेच्या जागी तेल आले की वक्रीभवनांकांतील फरक कमी होतो आणि प्रकाश कमी विखुरतो.

आता याच्या उलट पाहा. गरम पाण्याने आंघोळ केल्यावर न्हाणीघरातील आरसा धुरकट होतो. तेथेही पाणीच आहे! पण गुळगुळीत काचेवर वाफेचे बारीक बारीक थेंब बसतात आणि प्रत्येक थेंब एक छोटासा घुमट बनतो. म्हणजे खडबडीत काचेवर पाण्याने होते ते उतार बुजवले, आणि गुळगुळीत काचेवर नवे उतार उभे केले. तेव्हा न्हाणीघराच्या बाजूला नेहमी गुळगुळीत बाजूच ठेवावी. पाणी उडाले तर काही बिघडत नाही, आणि वाफ धरली तर उलट जास्तच झाकले जाते. खडबडीत बाजू बाहेर, कोरडी. ती हाताला लागेल इतकी खाली मात्र नसावी, नाहीतर एखादा खट्याळ मुलगा ओले बोट फिरवायचा! तेलकट हातांचे डागही तिच्यावर तेच काम करतात. अधिक खात्री हवी असेल तर दोन दुधी काचा खडबडीत बाजू एकमेकींकडे करून, कडा बंद करून बसवाव्यात. मग ओले बोटही नाही आणि चिकटपट्टीही नाही.

हे सारे झाले काचेविषयी. परंतु शिरूरच्या घरात खरा उपाय काचेने झाला नाही, भूमितीने झाला.

न्हाणीघराचे दार सात फूट उंच होते आणि आढे दहा फुटांवर. दाराच्या वर तीन फूट भिंत नुसती उभी होती. बोळकांडीत उभ्या असलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून पाच फुटांवर धरा. दाराच्या वर, सात फुटांपासून पुढे, भिंतीत खिडकी पाडली असे समजा. पंधरा फूट दूर असलेल्या माणसाची नजर खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत जाताना दोन फूट चढते. प्रकाश सरळ रेषेत जातो, तेव्हा नजर पुढेही चढतच राहणार. न्हाणीघरात सहा फूट आत जाईपर्यंत ती पावणेआठ फुटांच्या वर गेलेली असेल. दारापासून तीन फुटांवर उभे राहून पाहिले तर ती आणखी तिरपी चढते आणि साडेचार फुटांतच आढ्याला टेकते. डोळा खिडकीच्या कडेखाली आणि आंघोळ करणारा माणूसही त्या कडेखाली, मग सरळ रेषेने त्यांची गाठ कधीच पडणार नाही. येथे साधी काच लावली तरी चालेल!

यात फसगत कोठे होऊ शकते तेही पाहून ठेवा. बोळकांडीतून वर माळ्याचा जिना जात असेल तर जिन्यावरचा डोळा सात फुटांच्या वर जातो. समोर आरसा टांगलेला असेल, किंवा न्हाणीघराच्या आढ्याला चकचकीत तैलरंग दिला असेल, तर नियमित परावर्तनाने चित्र खाली येऊ शकते. मावशीच्या घरात जिना पुढच्या ओसरीत होता, तरीही मावसबहिणीच्या समाधानासाठी आम्ही दुधी काचच बसवली, गुळगुळीत बाजू आत ठेवून. तिने स्टुलावर उभे राहून, आत लाल बादली ठेवून, स्वतः तपासून घेतले. ही परीक्षा ज्याला आडोसा हवा त्यानेच घ्यावी असे माझे मत आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ‘काही दिसत नाही’ म्हणून चालत नाही.

तर मग उजेडाचे काय? येथे एक सुंदर नियम उपयोगी पडतो. प्रकाशाची वाट दोन्ही दिशांना सारखीच असते. बोळकांडीतून खिडकीकडे पाहिल्यावर जे दिसते, तेथूनच बोळकांडीत उजेड येतो. आपल्याला वरच्या खिडकीतून काय दिसते? न्हाणीघराचे आढे आणि भिंतींचा वरचा भाग. म्हणजे आपला दिवा म्हणजे ते आढे! परसाकडच्या झरोक्यातून आलेला उजेड न्हाणीघराच्या जमिनीवर आणि भिंतींवर पडतो, तेथून उडून आढ्यावर जातो, आणि आढ्यावरून खिडकीतून बोळकांडीत उतरतो. मावशीच्या न्हाणीघराचे आढे धुराने काळवंडलेले होते. ते तसेच ठेवून खिडकी पाडली असती तर काकांचे पैसे वाया गेले असते.

पांढऱ्या चुन्याची भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे ८० टक्के उजेड परत पाठवते. गडद हिरव्या किंवा तपकिरी भिंतीचा आकडा ३० टक्क्यांवर, किंवा त्याखालीही येतो. उजेड तीन वेळा उडून आपल्यापर्यंत येत असेल तर पांढऱ्या भिंतींत ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ५१ टक्के उरतो. गडद भिंतींत ०.३ गुणिले ०.३ गुणिले ०.३, म्हणजे तीन टक्केसुद्धा उरत नाही. जवळजवळ एकोणीस पटींचा फरक, आणि तो चुन्याच्या एका पोताऱ्याने! बोळकांडीच्या भिंतींना ‘डाग दिसू नयेत’ म्हणून कोणीतरी वरपर्यंत गडद हिरवा तैलरंग दिला होता. कमरेच्या वरचा सगळा भाग आम्ही पांढरा केला. आरसे लावावेत असे एका शेजाऱ्याने सुचवले होते, पण आरसा उजेडाबरोबर चित्रही उचलून नेतो. चुना फक्त उजेड नेतो.

खिडकी उंच असल्याचा आणखी एक फायदा आहे. उंचावरून येणारा उजेड खोलवर पोचतो. खिडकीच्या वरच्या कडेची जी उंची, तिच्या दुपटीपर्यंत उजेड कामाचा असतो असा एक ठोकताळा आहे. आपल्याच पुणे जिल्ह्यात कार्ल्याचे चैत्यगृह पाहायला गेलात तर तेथे हे ध्यानात येईल. जवळजवळ ३८ मीटर खोल अशी ती लेणी, पण दारांच्या वर खोदलेल्या घोड्याच्या नालाच्या आकाराच्या मोठ्या गवाक्षातून आलेला उजेड पार शेवटच्या स्तूपापर्यंत जातो. नुसत्या दारांतून आलेला उजेड तेथवर गेला नसता.

ज्या घरांवर माडी नाही तेथे तर सरळ छतातूनच उजेड घेता येतो, आणि आडोशाचा प्रश्नच उरत नाही. शिरूर-दौंड हा पर्जन्यछायेचा भाग. येथे पूर्वी मातीच्या सपाट छताची धाब्याची घरे बरीच असत, आणि त्या माळवदात उजेडासाठी व धुरासाठी एक भोक ठेवीत. त्याला कोठे साणे म्हणतात, कोठे सवणे. कौलारू घरांत मधूनच एखादे काचेचे कौल बसवीत. ब्राझीलमधील आल्फ्रेडो मोझर नावाच्या मेकॅनिकने २००२ साली याच कल्पनेला नवे रूप दिले. पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची बाटली, पाणी हिरवे होऊ नये म्हणून त्यात थोडे ब्लीच, आणि ती पत्र्याच्या छतात अर्धी आत, अर्धी बाहेर अशी घट्ट बसवलेली. बाटलीतले पाणी उजेड घेऊन खोलीभर फेकते. फिलिपीन्समध्ये गरिबांच्या वस्त्यांतून अशा पुष्कळ बाटल्या लावल्या गेल्या.

छतातून किती उजेड मिळेल? एक फूट लांब-रुंद झरोका म्हणजे सुमारे ०.०९ चौरस मीटर. एक लाख लक्सच्या उन्हात त्यावर ९,००० ल्यूमेन प्रकाश पडतो. निम्मा वाटेत गेला असे धरले तरी ४,५०० ल्यूमेन उरतात. ९ वॅटचा एलईडी दिवा सुमारे ९०० ल्यूमेन देतो. म्हणजे पाच दिव्यांचा उजेड! ढगाळ दिवशी मात्र तो अर्ध्या दिव्यावर येतो. ऊनही बरोबर येते हे विसरू नका. दौंड-शिरूरला मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या शेवटी माध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर असतो. तेव्हा एवढ्याशा झरोक्यातून ९० वॅटच्या शेगडीइतकी उष्णता आत उतरते.

एक धोक्याची सूचना येथेच देतो. बऱ्याच घरांत न्हाणीघराच्या दारावर उघडी झडप असते, आणि उजेडासाठी काच लावताना ती कायमची बंद होते. न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल तर हे प्राणावर बेतू शकते. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस बेशुद्ध पडतो आणि आतून कडी लावलेली असते. अशा दुर्घटना महाराष्ट्रात घडलेल्या आहेत. मावशीच्या न्हाणीघरात गॅसचा गिझर होता. तो बाहेर परसात हलवल्याशिवाय काच लावायची नाही असे मी काकांना स्पष्ट सांगितले, आणि परसाकडचा झरोका उघडाच ठेवला. तेथे तिरप्या पट्ट्यांची झडप आहे. पट्ट्यांचा उतार असा की बाहेरून पाहणाऱ्याची नजर वर आढ्याकडे जावी. वारा वळून आत येतो, नजर वळत नाही.

जयपूरच्या हवामहालातील जाळ्या किंवा खिडकीचा विरळ पडदा हे आणखी एका तत्त्वावर चालतात. जी बाजू उजळ, ती दिसते. दिवसा आतला माणूस बाहेरचे पाहतो आणि बाहेरच्याला आतले दिसत नाही. दिवेलागणीला मात्र हे उलटते, म्हणून न्हाणीघराला हा उपाय उपयोगाचा नाही. विजेचे बटण दाबताच दुधी किंवा स्वच्छ होणारी काचही आता मिळते. तिच्यात द्रवस्फटिकांचे सूक्ष्म थेंब असतात. वीज दिली की त्यांचे रेणू एका दिशेने उभे राहतात, भोवतालच्या पदार्थाशी त्यांचा वक्रीभवनांक जुळतो आणि काच पारदर्शक होते. माझी ओली काच आणि ही महागडी काच, दोघींचे मर्म एकच.

बुटाच्या एका खोक्यात तुम्ही हे सारे करून पाहू शकता. खोक्याच्या मध्ये पुठ्ठ्याची आडवी भिंत घाला. एक कप्पा न्हाणीघर, दुसरा बोळकांडी. न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीत वर एक लहान झरोका पाडा आणि त्यावर टॉर्चचा झोत सोडा. मधल्या भिंतीतही वरच्या कडेला फट ठेवा. बोळकांडीच्या टोकाला डोळ्यासाठी एक भोक पाडा, ते फटीच्या खालच्या कडेहून खाली असावे. न्हाणीघरात मातीची बाहुली उभी करा. आता झाकणाच्या आतल्या बाजूला प्रथम काळा कागद लावून पाहा, मग पांढरा. बोळकांडीच्या जमिनीवर बारीक अक्षरांचा कागद ठेवलात तर फरक डोळ्यांनीच कळेल. बाहुली दिसते का तेही पाहा. दिसली तर भोक वर गेले आहे किंवा बाहुली फार उंच आहे.

शिरूरला काम व्हायला दोन दिवस लागले. दोन फूट लांब, दीड फूट उंच अशी ती खिडकी. चुना वाळल्यावर आजींना खुर्ची देऊन बोळकांडीच्या मध्यावर बसवले आणि हातात वर्तमानपत्र दिले. पूर्वी तेथे मथळासुद्धा लागत नव्हता. आजींनी चष्मा लावला, पान उलटले, आणि बातम्या सोडून आधी बाजारभाव वाचायला घेतले. मावसबहीण तेवढ्यात न्हाणीघरात जाऊन दिवा लावून आली आणि विचारू लागली, “सावली दिसली का?” दिसली नव्हती, दिवा आम्ही दाराच्या वर हलवलेला होता. बादली मात्र अजून वाटेतच होती. ती आजींनी आधी उचलायला लावली.

आता एक शोध तुमच्यावर सोपवतो. पुढच्या वेळी दौंडहून गाडीने जाल तेव्हा डब्याच्या टोकाच्या त्या पांढुरक्या काचेवरून आतून बोट फिरवून पाहा. खडबडीत बाजू आत आहे की बाहेर? आणि पावसाळ्यात, काच बाहेरून ओली झालेली असताना, फलाटावरून ती कशी दिसते?